शांत समुद्राचे नऊ दिवस

रबाबचं वेळापत्रक तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आलं तेव्हा बाबांना जाऊन बत्तीस दिवस झाले होते. आधीच्या दोन्ही वेळी ते मीच परत पाठवलं होतं. करारात अट होती: तिसऱ्यांदा परत गेलं, तर ठेकेदाराला नियोजनाचा माणूस बदलायला सांगता येईल. हे मला ठाऊक होतं आणि रबाबलाही.

बांधकाम कुठलंही असो, ते कधी सुरू होणार, कशामागून काय होणार, याचं वेळापत्रक ठेकेदार बनवतो; इथे त्याच्या वतीने रबाब. मालकाच्या वतीने ते तपासायचं काम आमची कंपनी करते. मी हे सोळा वर्षं करते आहे. प्रत्येक कामाच्या मागे कोणतं तरी काम हवं आणि पुढेही हवं, मधेच कुणी लोंबकळता कामा नये. एखादं काम उगाच तारखेला खिळा ठोकून बसवलेलं नको. सवड असेल तर ती उघड दिसायला हवी, खिशात लपवलेली नको. वाईट वेळापत्रक मला दहा मिनिटांत कळतं. लबाडाला माहीत नसतं की तो सगळीकडे एकाच पद्धतीने लबाडी करतो.

रबाबच्या वेळापत्रकात यातलं काही नव्हतं. मी पुष्कळ शोधलं.

काम अलेक्झांड्रियाचं होतं. शहराच्या पूर्वेला हिवाळ्यात समुद्र रस्त्यावर येतो, तिथे किनाऱ्यापासून थोडं आत लाटा अडवणारा बांध घालायचा होता. तराफ्यावर क्रेन, क्रेनला सिमेंटचा ठोकळा, आणि तो पाण्यात अलगद सोडायचा. अशा कामात सगळं एका आकड्यावर उभं असतं: वर्षातले किती दिवस समुद्र काम करू देणार नाही? ठेकेदार हा आकडा फुगवतो, कारण वादळी दिवस जितके जास्त तितकी त्याला सवड. मालक तो दाबतो. आणि मधे मी बसते, कैरोत, त्या समुद्रापासून दोनशे किलोमीटरवर.

आमच्या अलेक्झांड्रियात हिवाळी वादळांना नावं आहेत आणि साधारण ठरलेल्या तारखा. नोव्हेंबरात मकनसा, म्हणजे झाडू. ती रस्ते झाडून काढते. डिसेंबरात कासिम. मार्चच्या सुरुवातीला हुसूम आणि शेवटाला अव्वा. अव्वेनंतर वादळ नाही, असं कोळी म्हणतात. ही यादी मला मुळाक्षरांच्या आधी पाठ झाली. बाबांनी करून घेतली. बाबा, म्हणजे बशमुहंदिस हिल्मी. आमच्याकडे इंजिनियरला असंच म्हणतात, बाई असेल तर बशमुहंदिसा; घरातल्या बायकासुद्धा तशीच हाक मारतात. त्यांनी जन्मभर धक्के आणि बांध बांधले. समुद्र शांत असला की ते पहाटे बाहेर पडायचे आणि मी झोपल्यावर परतायचे. वादळ आलं की घरी असायचे. खिडक्या थडथडायच्या, आई कुराणातल्या आयती म्हणायची, आणि मी खूश असायचे. शांत समुद्र त्यांना घेऊन जायचा आणि खवळलेला परत करायचा, एवढं गणित मला पाचव्या वर्षी येत होतं.

मोठेपणीही ते बदललं नाही. लग्न होऊन मी कैरोला आले, पुढे ते लग्न मोडलं, मी तिथेच राहिले. बाबा अधूनमधून यायचे. सकाळच्या गाडीने, हातात बर्फात ठेवलेली मासळी. मी दार उघडायचे आणि आधी विचारायचे, "आज कुठलं वादळ?" ते बूट काढता काढता नाव सांगायचे. "कासिम," म्हणायचे, किंवा "हुसूम, जरा उशिराने आली." मग जेवायचे, सोफ्यावर झोपायचे, संध्याकाळच्या गाडीने जायचे. मी हसून विचारत असे, पण ते हसणं फारसं चांगलं नव्हतं. समुद्राने हाकलून दिलं की हे माझ्याकडे येतात, असं मला वाटे. आणि ते खोटं आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

रबाब त्यांच्या हाताखाली नऊ वर्षांपूर्वी आली. रशीद गावची मुलगी, बाप विटांच्या भट्टीवर. तिला त्यांनी पहिल्यापासून शिकवलं. कोणत्या कामाला किती दिवस हे पुस्तकात बघायचं नाही, क्रेनवाल्याला विचारायचं, आणि त्याने पाच सांगितले तर तो मागच्या वेळी किती सांगून किती घेऊन बसला हे वहीत बघायचं. हे मला कसं माहीत? रबाबनेच एकदा सांगितलं. मी नियोजनाचं काम धरलं तेव्हा मला बाबा एवढंच म्हणाले होते, "कैरोत समुद्र नाही. तुझं सोपं आहे, पोरी."

बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या बायकांत रबाब तिन्ही दिवस होती. दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरत होती. कुणीशी आत्या म्हणाली, हिल्मीला मेली ही कडू कॉफी कधी चालली नसती. मी म्हटलं, हो ना, चहातही तीन चमचे लागायचे. रबाब हळूच म्हणाली, "चार वर्षं झाली, त्यांनी साखर सोडली होती." तिने ते मला खाली पाहायला लावायला म्हटलं नव्हतं. तेच मला जास्त लागलं. नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला रडू आलं नव्हतं, आणि आईने मला नाही, तिला जवळ घेतलं.

बाराव्या दिवशी, मी अजून आईकडेच असताना, रबाबचा फोन आला. बाबांच्या कामाच्या वह्या हव्या होत्या. बाबा रोज संध्याकाळी वहीत लिहायचे: वारा, लाटा, तराफा हलला की नाही, काम किती झालं. बावीस वर्षांच्या बावीस वह्या, मेणकापडी पुठ्ठ्याच्या. बाबांचं दुखणं वाढलं तेव्हा त्या साइटवरून घरी आल्या आणि आईच्या कपाटावर बसल्या.

"सापडत नाहीयेत," मी म्हटलं. तेव्हा त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

पहिल्यांदा मी वेळापत्रक परत पाठवलं ते बारीकसारीक गोष्टींसाठी. दुसऱ्यांदा शेऱ्यात लिहिलं: वादळी दिवसांच्या आकड्याला आधार काय? मूळ नोंदी सादर कराव्यात. नियमाप्रमाणे शेरा बिनचूक होता. त्या जागी कुणीही तोच लिहिला असता. फक्त दुसऱ्या कुणाच्या आईच्या कपाटावर त्या मूळ नोंदी नसत्या. आमचे साहेब, उस्ताद शौकी, यांनी फाइल देतानाच विचारलं होतं की हिल्मींच्या नोंदींचा विषय निघेल, तुला जमेल ना? मी म्हटलं होतं, काम ते काम.

आता तिसऱ्यांदा तिने एक तक्ता जोडला होता. वह्यांवरून तिने आणि बाबांनी मिळून काही वर्षांत तयार केलेला. बावीस हिवाळे, प्रत्येक वादळ कधी आलं, किती दिवस टिकलं. जुन्या यादीपेक्षा वेगळंच चित्र होतं. कासिम आता आठवडाभर उशिरा येते. अव्वेचं बळ कमी झालंय. मी लहानपणी पाठ केलेली यादी बाबांनी केव्हाच मोडीत काढली होती, आणि ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी तक्ता दोनदा वाचला. काम सुरेख होतं. असं काम हाताखाली आलं की एरवी मला आनंद होतो.

तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती: "नऊ नोंदी वगळल्या आहेत." खाली नऊ तारखा. कारण नाही.

मला इतकं हलकं वाटलं की मी उठून खिडकी उघडली. सापडली, असं मनात म्हटलं. सोयीच्या नोंदी ठेवायच्या, गैरसोयीच्या काढायच्या. एवढी साधी चोरी.

मी फोन लावला. विचारलं की या नऊ नोंदी का काढल्या. ती म्हणाली, त्या धरण्यासारख्या नाहीत.

"धरण्यासारख्या का नाहीत, तेच लेखी हवंय."

"ते मला लिहिता यायचं नाही, बशमुहंदिसा."

"मग कोणाला लिहिता येईल?"

"बशमुहंदिस हिल्मींना."

"ते काही आता येऊन लिहिणार नाहीत, रबाब. त्यांची मुलगी म्हणून सांगते, त्यांनी असली अर्धवट ओळ कुणाच्या कागदावर चालवून घेतली नसती."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही मुलगी आहात. मी कुठे नाही म्हणतेय?"

तिसऱ्यांदा परत पाठवण्याचा शेरा मी त्याच दुपारी लिहून ठेवला. पाठवला नाही. बाबांचा चाळिसावा दिवस, आमच्यात तो पाळतात, होऊन जाऊ दे, असं ठरवलं. यात मोठेपणा काही नव्हता. चाळिसाव्याला ती घरी येणार होती, आणि शेरा तिच्या हातात पडलेला असताना तिने माझ्या आईच्या घरात भांडी उचलावीत हे बरं दिसलं नसतं.

चाळिसावा शुक्रवारी आला, आणि हुसूमही त्याच दिवशी आली. ट्राम बंद पडली, समुद्राचं पाणी रस्ता ओलांडून आलं. तरी रबाब आली. भिजलेली होती. कुराणपठण करायला आलेल्यांना पाणी दिलं, आईची औषधं बघितली, गरिबांना वाटायची रोटी पिशव्यांत भरली. वेळापत्रकाचं नावही काढलं नाही. जाताना तिची नजर एकदा आतल्या खोलीकडे, कपाटाच्या माथ्यावर गेली आणि परत आली. वह्या तिला दिसल्या. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "दार नीट लावा, वारा वाढतोय."

ती गेल्यावर आई म्हणाली, "ही पोर नसती तर शेवटच्या वर्षात मी काय केलं असतं?" मी म्हटलं, मी होतेच ना. आई म्हणाली, "होतीस ग. कैरोत."

शनिवारी सकाळी मी स्टुलावर चढले आणि वह्या खाली काढल्या. मला त्या नऊ नोंदी हव्या होत्या. तिने काय दडवलंय ते तारखेनिशी शेऱ्यात घालायचं होतं.

पहिली वही उघडता उघडता मला जे सुचलं ते खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. रबाब ठेकेदाराकडची. वादळी दिवस जास्त दिसणं तिच्या फायद्याचं. तिने काढून टाकलेल्या नऊही नोंदी वादळाच्या होत्या. स्वतःच्या फायद्याचे दिवस कोण फेकून देतं? सोळा वर्षं मी नवीन लोकांना पहिला प्रश्न हाच शिकवते: हे कुणाच्या सोयीचं आहे? आणि मला तो विचारावासा वाटला नव्हता, कारण उत्तर तिच्या बाजूचं निघालं असतं.

नोंदी बाबांच्या अक्षरात होत्या. "लाटा दोन मीटरच्या वर. तराफा हलवला नाही. काम बंद." एक, दोन, तीन, सगळीकडे तेच शब्द. यातही काहीतरी खटकलं. बाबा इतर वादळं लिहायचे तेव्हा प्रत्येक वेळी निराळं लिहायचे: वारा कुठून वळला, कुठला दोर तुटला, कोणाचा पाय घसरला. या नऊ नोंदी मात्र एका साच्यातून काढलेल्या होत्या.

मग मी त्या तारखा पहिल्यांदाच नीट पाहिल्या.

सात वर्षांपूर्वीची चौदा फेब्रुवारी. त्या दिवशी मी रुग्णालयात होते. माझं चार महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. बाबा दुपारी आले आणि अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. मी भिंतीकडे तोंड करून विचारलं होतं, आज कुठलं वादळ? ते काहीतरी म्हणाले होते. खिडकीबाहेर स्वच्छ ऊन होतं, पण ते कैरोचं ऊन. अलेक्झांड्रियाचं त्यावरून कळत नाही.

तीस नोव्हेंबर. घटस्फोटाच्या कागदावर सही केली तो दिवस. सोळा जानेवारी. मी घर बदललं. बाबांनी पुस्तकांची खोकी चार मजले चढवली आणि मधल्या जिन्यावर दम खायला बसले. आणि एक मेमधली तारीख. मेमध्ये वादळ नसतं, हे अलेक्झांड्रियाचं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी काहीच विशेष नव्हतं. मी फोनवर म्हटलं होतं, झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते दारात, मासळी घेऊन. मी विचारलं, मे महिन्यात कसलं हो वादळ? तेव्हा ते म्हणाले होते, "याला अजून नाव नाही ठेवलेलं." मी हसले होते. त्यांचा विनोद मी समुद्राच्या खात्यावर टाकला.

बाकीच्या पाच तारखा मी नंतर जुळवल्या. सगळ्या जुळल्या.

रबाब बोलावल्यावर अर्ध्या तासात आली. वह्या जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या होत्या. त्या कुठे सापडल्या, हे तिने विचारलं नाही. मी मेचं पान उघडून तिच्यासमोर सरकवलं. तिने ते वाचलंही नाही.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. तराफ्याच्या कामात मुख्य माणूस हजर लागतो. ते नसले की काम बंद. रजेसाठी आठ दिवस आधी वरती लिहावं लागायचं. वादळाला त्यांची एक सही पुरायची."

"पण तक्त्यातून काढायला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मला म्हणाले, पोरी, हे नऊ मोजायचे नाहीत, नाहीतर आपला आकडा खोटा होईल. आणि कारण लिहायचं नाही, तेही म्हणाले. मी पहिल्या वेळी विचारलं होतं, समुद्र तर तेलासारखा पडलाय, मग वादळ कुठलं? तर म्हणाले, कैरोला आहे."

मी वही परत माझ्याकडे ओढली. तिला वाटलं असावं की मला पटलेलं नाही, म्हणून ती म्हणाली, "गाडीचं तिकीट मीच काढून द्यायचे. त्यांना फोनवरून जमायचं नाही."

दुःखात माणूस उदार होतो म्हणतात. माझा तसा अनुभव नाही. त्या क्षणी मला त्या तिकिटांचासुद्धा हेवा वाटला. ते माझ्याकडे निघाले आहेत, ही गोष्ट प्रत्येक वेळी माझ्याआधी हिला कळत होती.

मग तिने एक तोड सुचवली. ती नऊ दिवस वादळात परत धरेल. बावीस वर्षांत नऊ दिवस, म्हणजे वर्षाला अर्धाही नाही. वेळापत्रकाच्या शेवटच्या तारखेवर त्याने काडीचा फरक पडणार नाही. तळाची ओळ जाईल, माझा आक्षेप जाईल, आणि बशमुहंदिसांनी खोटी नोंद केली हे कुठेच येणार नाही. सगळ्यांची सोय होती. तिची नोकरी, माझी अब्रू, बाबांचं नाव.

"आकडा खोटा होईल," मी म्हटलं.

"नाव खराब होईल त्यांचं."

"नाव त्यांचं आहे. दिवस माझे आहेत. ते वादळ म्हणून जायला नकोत."

तिने वह्या वर्षवार लावायला घेतल्या. त्या मी चुकीच्या क्रमाने मांडल्या होत्या.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी कचेरी उघडताच मी उस्ताद शौकींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे ज्या वह्या तू शेरा मारून मागत होतीस, त्या तुझ्याच घरात होत्या?"

"हो."

"आणि ती पोरगी तुझ्या शेऱ्यावर गप्प बसली?"

"हो."

त्यांनी फाइल माझ्याकडून काढून घेतली आणि पलीकडच्या खोलीतल्या सहकाऱ्याला दिली. समुद्रावरची कामं मला आता देत नाहीत. ते बरोबरच आहे. फाइल हातावेगळी होण्याआधी मी एक पान जोडलं. नऊ तारखा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एकच वाक्य: समुद्र शांत, नोंद करणारे अभियंता कैरोला, मुलीकडे. "वरीलप्रमाणे" लिहून भागलं असतं. मी नऊ वेळा लिहिलं. खाली सही केली, आणि नात्याच्या रकान्यात नातं.

वेळापत्रक पाच दिवसांत मंजूर झालं. सहकारी म्हणाला की वादळांचं इतकं प्रामाणिक गणित त्याने पाहिलेलं नाही, ही बाई शिकली कुठे? मी सांगितलं कुठे. बाबांच्या खोट्या नोंदींबद्दल कचेरीत थोडी कुजबुज झाली. एकाने जेवताना विचारलंही, तुझे वडील वादळं पाडायचे म्हणे. मी म्हटलं, हो, नऊ.

वह्या आता रबाबकडे आहेत. पुढचे हिवाळे ती त्यांत जोडत जाईल. आई म्हणते, परत माग. मी मागितलेल्या नाहीत. माझ्या वाट्याला नऊ दिवस आले. बाकीची सगळी पानं तिची आहेत. त्या पानांत बाबा रोज आहेत, रागावलेले, थकलेले, दोर तुटला म्हणून शिव्या देणारे, आणि तिथे मी नाही. हे मला अजून सहन होत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सकाळी तिचा निरोप आला. "अव्वा गेली. आज पहिला ठोकळा सोडला. समुद्र शांत."

मी तो वाचला आणि घड्याळाकडे पाहिलं. अलेक्झांड्रियाची सकाळची गाडी एव्हाना आली असणार.